डब्याच्या बुडावरचं नाव

आता स्वतःच्याच फजितीचं काय सांगावं! पण तुम्ही घरचीच माणसं. हसा एकदाचं.

आमचे हे लातूरला एका डाळमिलमध्ये कामाला. आधी दुपारी हॉटेलात भजी खायचे. पोट बिघडलं आणि तेव्हापासून एकच पाठ, "घरचं खावं. तब्येतीला बरं, खिशालाबी बरं!" मग काय, पोरगी कडेवर घेऊन पहाटे भाकरी थापायच्या मी, आणि पोट आत ओढून आरशात बघायचं ह्यांनी!

एक दिवस डबा घासायला घेतला, तर त्याला शेपूचा वास. मी तर वांगं दिलं होतं! डबा पालथा केला. बुडावर कोरलेलं, 'सौ. शकुंतला'.

म्हणजे हे घरचं खातात हे खरं, पण कुणाच्या घरचं?

सरळ विचारायचं ना? नाही! डबा लपवला, दुसरा काढला आणि तीन दिवस ह्यांच्या भाजीत मीठच घातलं नाही. तरी हे रोज घरी येऊन म्हणायचे, "आज भाजी लई झ्याक झालती!"

बिनमिठाची भाजी झ्याक? माझी तर खात्रीच पटली.

नायगावच्या बेबीमावशीला रडत फोन केला, "मावशे, माझा संसार बुडाला!" ती दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं हजर.

संध्याकाळी तिनं ह्यांना दारातच धरलं.

"जावईबापू, ही शकुंतला कोण हाय?"

"कोण शकुंतला?"

मी डबा पुढं केला.

"हा व्हय! दत्ताचा डबा हाय. मिलमधी आम्ही रोज भाजी बदलून खातो. त्या दिवशी निघताना डबेच बदलले. आन् काय गं, तो तीन दिस झाले इचारून राहिला, वहिनी मीठ इसरल्या का म्हणून!"

"मग शकुंतला म्हणजे दत्ताभाऊजींची बायको?"

"न्हाई. तिचं नाव मंगल."

मावशीनं डबा हातात घेतला. जवळून बघितला, लांब धरून बघितला. मग माझ्याकडं बघितलं.

"शकुंतला मी हाय, भवाने!"

अहो, जन्मल्यापासून आम्ही तिला बेबीमावशीच म्हणतो. खरं नाव कोण विचारतंय?

"तुझ्या लग्नात नाव घालून दिलता हा डबा. त्या दत्ताच्या घरी कसा गेला गं?"

कसा गेला, सांगू? दत्ताभाऊजींच्या वास्तुशांतीला आहेर पाहिजे होता. पलंगाखालच्या पेटीतला कोरा डबा काढला, कागदात गुंडाळला, दिला. आलेलं भांडं पुढं देताना आधी बूड बघावं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मला नाही कळलं!

हे हसत हसत पायरीवरच बसले. "बघा मावशी, मी घरचंच खातो. डबासुदिक घरचाच निघाला!"

तेव्हापासून मावशी येताना कधी काही आणत नाही. आणि मी पाण्याचा तांब्या दिला, की आधी वर उचलून बूड बघते, मग पाणी पिते.