पोळपाट, लाटणं आणि तळवड्याची मुलाखत

सहा वर्षं घरी बसलेल्या बाईनं नोकरी कशी मिळवावी, हे सगळ्यात जास्त त्यांना कळतं ज्यांनी स्वतः बारा वर्षांत नोकरी बदललेली नाही. आमचे हे त्यातलेच. चाकणच्या कंपनीत शिफ्ट सांभाळून त्यांनी माझा बायोडेटाही दुरुस्त केला. "सहा वर्षं फ्रीलान्सिंग केलं असं लिही. कोण बघतंय?" केलंही होतं म्हणा: डबे, लेकीचं दुखणंखुपणं, पाहुणे, सगळं बिनपगारी. मी ते लिहिलं नाही. तीन ठिकाणांहून नकार आले, तेव्हा "मी म्हटलं नव्हतं?" हेही ऐकून घेतलं. तळवड्याच्या सॉफ्टवेअर कंपनीतली मुलाखत शेवटची, मग हा नाद सोडायचा, असं घरात ठरलं. म्हणजे त्यांनी ठरवलं आणि मी मान हलवली.

मला मोठ्यानं बोलून अभ्यास करायची सवय. लेक शाळेत गेली की ऐकायला एकट्या सासूबाई. त्या मूळच्या मोशीच्या. शेतावर इमारती उभ्या राहिल्यापासून त्यांना दुपार सरता सरत नसे. लसूण सोलत ऐकायच्या आणि कळल्याशिवाय मला पुढे जाऊ द्यायच्या नाहीत. डेडलॉक म्हणजे दोन प्रोग्राम एकमेकांना हवी ती वस्तू अडवून बसतात, असं मी सांगितलं.

"व्हय, म्हंजी मी अन् माझी जाऊ," त्या म्हणाल्या. "पोळपाट तिच्याकडं, लाटणं माझ्याकडं. कुनी सोडंना. समदं घर उपाशी."

शेवटी त्यांच्या सासूनं लाटणं सासूबाईंच्याच हातातून ओढून जावेला दिलं. ते त्यांना चाळीस वर्षांनंतरही बोचत होतं.

मुलाखतीला समोर तिघं. त्यातल्या दोघांचं वय माझ्या गॅपपेक्षा फार जास्त नसावं. सहा वर्षं काय केलं, विचारलं. "मूल वाढवलं," म्हटलं. तिघंही एकदम "ओके" म्हणाले. हे ओके माझ्या चांगल्या ओळखीचं होतं. मग डेडलॉक विचारलं आणि पाठ केलेली व्याख्या साफ उडाली. सरळ सांगते, रडूच यायचं बाकी होतं. तोंडून निघालं ते पोळपाट-लाटणं.

"मग सोडवायचं कसं?" तिघांतल्या वयस्कर गृहस्थांनी विचारलं.

"एकीच्या हातातलं काढून दुसरीला द्यायचं. पहिलीनं नंतर पुन्हा सुरू करायचं."

"काढायचं कुणाच्या हातातलं?"

"जिचं काम कमी झालंय तिच्या."

ते मोठ्यानं हसले आणि पुढचा अर्धा तास फक्त कामाचं विचारलं.

आठवड्यानं निवड झाल्याचं पत्र आलं. ह्यांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर 'योग्य मार्गदर्शनाचं फळ' असं लिहून ते टाकलं. अभिनंदनंही ह्यांनाच आली. मी इतकी खूश होते की भांडलेसुद्धा नाही.

सासूबाईंच्या हातावर पेढा ठेवला.

"सोमवारपासनं जानार?"

"हो, आई."

पेढा त्यांच्या हातात तसाच राहिला. "मंग दुपारी माझ्यासंगं कोन बोलनार?"

तीन महिने मला वाटत होतं, त्या माझ्यासाठी ऐकतायत.