जो जेवेल, तो नेईल

किराणा दुकानदाराकडे किस्से आपोआप साचतात. गिऱ्हाईक मात्र मिळत नाही त्यांना! माझे सगळ्यात जपलेले किस्से नागपूरच्या पागलखान्यातले. स्वातंत्र्यानंतरची काही वर्षं तिथला किराणा इतवारीतून, माझ्या दुकानातून जायचा.

तिथल्या मोठ्या डॉक्टरांचा एक अलिखित नियम होता. बाई बरी झाली, की न्यायला आलेल्या माणसाने आधी तिच्या हातचं जेवायचं. जेवला, तर बाईला सुट्टी. नाही जेवला, तर बाई आत, तो बाहेर.

*

माझ्या पहिल्याच फेरीला डॉक्टरांनी मलाच पाटावर बसवलं. म्हणे, तांदूळ तुमचेच आहेत शेठ, भ्यायचं कशाला? रांधणाऱ्या बायका दारात उभ्या. घास उचलताना माझा हात असा कापायला लागला, की त्यातली एक म्हणाली, "डॉक्टरसाहेब, यायले भरती करून घ्या!"

*

एक साहेबी भाऊ बहिणीला न्यायला आला. मान खाली घालून भराभर जेवला. सगळे खूश. उठला, तर कोटाच्या खिशातून वरण गळतंय.

डॉक्टर एवढंच म्हणाले, "पुढच्या महिन्यात या. कोट घरी ठेवून या."

*

भिवापूरकडचा एक म्हातारा बाप आठवतो. पोरीने घाबरून भाजीत तिखट बेसुमार टाकलेलं. म्हाताऱ्याचे डोळे वाहत होते, तरी हात थांबेना. मी पाण्याचा गडवा पुढे केला, तर म्हणतो, "राहू दे गा. मी काय तिखटानं रडून राहिलो?"

पोर त्याच दिवशी घरी गेली.

*

आता यमुना. कुही गावची. जेवणात काहीतरी कालवते, असा सासरच्यांचा आळ. डोकं फिरलं म्हणून इथे आणून सोडलेली. तेव्हापासून अख्ख्या वॉर्डाचं रांधत होती. कुणाचं पोटसुद्धा दुखलं नाही. एकच ध्यास, घरी जायचं.

एकदाचा नवरा आला. तिने भात वाढला, वरण वाढलं, वर तूप सोडलं. तो पाटावर बसून नुसता माशा वारत राहिला. यमुना त्याच्या हाताकडे बघतेय.

शेवटी तो म्हणाला, "पहिले तू खाय."

ती समोर बसली. त्याच्याच ताटातला घास घेतला, चावला, गिळला. तो तिच्या तोंडाकडे बघत बसला. बराच वेळ. भातावरचं तूप थिजलं. मग खात्री पटली असावी. त्याने हात पुढे केला.

यमुनेने ताट ओढून घेतलं.

"राहू द्या जी," ती म्हणाली, "थंडं झालं."