मागच्या छपराचं ऊन

राग येतो आणि जातो असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकोडीच्या रुखमिणीला पाहिलेलं नाही. तिचा राग एकदा आला आणि सतरा वर्षं तिच्याच घरी राहिला. तिच्यासोबत जेवला, तिच्यासोबत भाताच्या रोवण्याला गेला, तिच्यासोबत बाजार करून आला. आणि तो एकाच माणसावर होता, तिच्या भासऱ्यावर, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावावर. त्याचं नाव खुशाल.

भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा निघाला, त्या वर्षी रुखमिणी लग्न होऊन या घरात आली. नवरा दुधराम. माणूस लाखात एक, पण थोरल्या भावापुढे त्याची जीभ टाळूला चिकटायची. घर कवेलूचं, म्हणजे कौलारू, लांबलचक, मधोमध आढं. एक उतार उत्तरेला, रस्त्याकडे. दुसरा दक्षिणेला, गोठा आणि उकिरड्याकडे. भासऱ्यासमोर उभं राहायचं नाही, त्याच्याशी सरळ बोलायचं नाही, ही रीत रुखमिणीने आल्या दिवसापासून पाळली. दाराआडून ऐकायचं आणि दाराआडूनच गप्प बसायचं. दाराआडून माणूस किती स्वच्छ दिसतो, हे मात्र खुशालला कधी कळलं नाही.

सन दोन हजार सातमध्ये वाटणी झाली. शेताच्या बांध्या मोजून वाटल्या, त्यात कोणाला काही म्हणायला जागा नव्हती. घर राहिलं. समोरचा हिस्सा कोणाला आणि मागचा कोणाला, हे चिठ्ठीवर ठरवायचं असं गावातल्या गोमाजीबाबांनी सांगितलं. खुशालने दोन चिठ्ठ्या लिहिल्या, घड्या घालून पितळेच्या गडव्यात टाकल्या. दुधरामच्या वाट्याची चिठ्ठी लहान लेकराच्या हाताने काढायची म्हणून रुखमिणीच्या सहा वर्षांच्या टीनाला पुढे केलं. पोरीने एक उचलली. गोमाजीबाबांनी वाचलं, 'मागचं'.

बाबा पुढे काही बोलायच्या आत खुशालने गडव्यात हात घातला, दुसरी चिठ्ठी काढली आणि न उघडताच समोरच्या चुलीत टाकली. चुलीवर सगळ्यांसाठी चहा उकळत होता. "आता तिचं काय काम?" तो म्हणाला. सगळे हसले, कपबशा फिरल्या आणि वाटणी झाली.

दाराआड रुखमिणी उभी होती. जी चिठ्ठी खरी आहे, ती जाळायची घाई कोणाला असते? तिने त्याच दिवशी दुधरामला विचारलं, "दुसरी चिठ्ठी कायले जाळली त्यायनं?"

"भाऊ आहे तो माझा," दुधराम म्हणाला.

"मंग मी कोण आहो?"

याचं उत्तर दुधरामने त्या दिवशी दिलं नाही, आणि पुढे आठ वर्षांनी कावीळ होऊन मेला तोवरही दिलं नाही. भावावर त्याचा शेवटपर्यंत विश्वास होता. रुखमिणीने त्याला त्याबद्दल माफ केलं. तिच्या माफीचा साठा तेवढाच होता, तो नवऱ्यावर संपला.

मागचा हिस्सा म्हणजे काय, ते राहणाऱ्यालाच माहीत. घरात शिरायला शेजारच्या बोळातून शेण तुडवत यायचं. पाहुणा आला की आधी नाकाला रुमाल लावायचा, मग रामराम करायचा. उन्हाळ्यात दिवसभर ऊन छपरावर बसलेलं, आतली माती तव्यासारखी तापायची. समोर मात्र थंडगार ओसरी, दारातून सडक, सडकेवरून साकोलीची बस. खुशालचा पोरगा वीरेंद्र मोठा झाला तसं त्याने तिथेच दुकान काढलं. दूध, दही, थंड पाणी, आइसक्रीम. एक भलंमोठं फ्रीजर आणलं. गावातली लेकरं तिथे रांग लावायची आणि रुखमिणी बोळातून डोक्यावर गवताचा भारा घेऊन जायची. खुशाल दुकानासमोर खुर्ची टाकून खर्रा चघळत बसलेला असायचा. तिच्याकडे पाहायचाही नाही. तिला तेही खुपायचं. ज्याचं चोरलं त्याच्याकडे निदान पाहावं तरी माणसाने.

टीना आईसारखीच निघाली, हट्टी आणि तोंडाळ. साकोलीला आयटीआय केलं, वायरिंगचं काम शिकली आणि नागपूरला सोलरच्या प्लेटा बसवणाऱ्या एका कंपनीत लागली. लोकांच्या गच्च्यांवर दोन वर्षं चढली-उतरली. मग एका दिवाळीला घरी आली ती थेट शिडी लावून मागच्या छपरावर. मोबाईलमध्ये दिशा पाहिली, चारी बाजूंनी फिरली आणि वरूनच ओरडली, "आई, आपल्याइतकं चांगलं छप्पर मी नागपुरात नाही पाहिलं!"

"कायचं चांगलं? भट्टी आहे ते."

"तेच त सांगून राहिली. दक्षिणेकडं उतार, ना झाड ना बिल्डिंग. दिवसभर ऊन. समोरच्याइले नाही भेटत असं."

रुखमिणी हातातलं सूप खाली ठेवून अंगणात आली. "समोरच्याइले नाही भेटत?" तिने विचारलं. टीनाने पुन्हा सांगितलं. रुखमिणीने तिसऱ्यांदा विचारलं. ते वाक्य तिला पुन्हा पुन्हा ऐकावंसं वाटत होतं.

पुढच्या उन्हाळ्यात, सरकारी सूट आणि टीनाची कमाई मिळून, मागच्या उतारावरचे कवेलू निघाले, पत्रे आले आणि पत्र्यांवर सहा प्लेटा बसल्या. देवाच्या फळीशेजारी भिंतीवर पांढरी बॅटरी टांगली गेली. दिवसा ऊन भरून घ्यायचं, सांजेपासून वापरायचं. बॅटरी किती भरली ते तिच्यावरच आकड्यात दिसायचं. रुखमिणी चौथी शिकलेली, पण तो आकडा ती येता-जाता वाचायची.

आणि मग तिने सुरुवात केली. एकोडीची लाईन उन्हाळ्यात वारं सुटलं की जायची, पावसाळ्यात ढग दिसला की जायची. समोरच्या घरात अंधार झाला रे झाला की रुखमिणी मागचे सगळे दिवे लावायची. टीव्हीचा आवाज वाढवायची. मिक्सर काढायची. वाटायला काही असो वा नसो, मिक्सर फिरलंच पाहिजे.

"आई, रिकामं मिक्सर काहून फिरवून राहिली? मोटर जळंन," टीना सुट्टीला आली की म्हणायची.

"जळू दे. आवाज त जाते ना भिंतीच्या तिकडं."

भिंतीच्या तिकडे वीरेंद्रचं फ्रीजर बंद पडलेलं असायचं. आइसक्रीमचं पाणी व्हायचं, दूध नासायचं. सकाळी नासलेल्या दुधाचा वास बोळापर्यंत यायचा. सतरा वर्षं शेणाचा वास घेतलेल्या बाईला तो वास कसा लागला असेल? अत्तरासारखा लागला. खोटं कशाला सांगायचं.

शेवटी खुशालनेही सोलरवाला बोलावला. तो समोरच्या छपरावर चढला आणि पाच मिनिटांत उतरला. "उतार उत्तरेकडं आहे काका," तो म्हणाला. "हिवाळ्यात त निम्मंही भेटणार नाही. अन् उंच लोखंडी स्टँड लावला त या जुन्या लाकडाले झेपत नाही, अंधडात उडून जाईन. मागचा उतार एक नंबर आहे. तो कोणाचा आहे?"

रुखमिणी बोळात उभी राहून हे ऐकत होती. तो प्रश्न ऐकून तिला वाटलं, दुधराम आज हवा होता.

आधी जाऊ आली, गोदावरीबाई. सतरा वर्षांत पहिल्यांदा मागच्या दाराने आली आणि खाटेच्या कडेवर बसली. "त्यायचं म्हणणं आहे," ती म्हणाली, "का सगळ्या छपरावर एकच मोठं काम करू. तुमच्या प्लेटा काढून ठेवू. तुमाले दोन लाईट अन् एक पंखा आमच्याकडून फुकट."

"आमच्या छपरावरून आमाले फुकट?"

"मी त सांगाले आली फक्त, रुखमा."

"मंग सांगा जाऊन. नाही म्हणते म्हणा."

खुशाल ऐकणारा नव्हता. आठ दिवसांनी त्याने चार माणसं जमवली. गोमाजीबाबा आता ऐंशीच्या घरात होते, काठी टेकत आले. ओसरीवर सतरंजी अंथरली. घरातल्या घरात द्यायला काय हरकत आहे, आढं तर एकच आहे, पोराच्या धंद्याचा प्रश्न आहे, असं एकेकाने बोलून झालं. रुखमिणीलाही बोलावलं होतं, ती आतल्या दाराआडून ऐकत होती. मग तिने डोक्यावरचा पदर नीट केला, दार ओलांडलं आणि खुशालच्या समोर येऊन उभी राहिली. चौघांच्याही माना वर झाल्या. अशी ती कधी उभी राहिली नव्हती.

"घर चिठ्ठीवर वाटलं होतं," ती म्हणाली. "छप्परही चिठ्ठीवर होऊ द्या. एकीवर 'द्यावं', एकीवर 'देऊ नये'. जे निघन ते मले कबूल. पण तवा तुमी लिवल्या होत्या भाऊजी, आता मी लिवतो. अन् काढा तुमी, तुमच्या हातानं."

गोमाजीबाबा म्हणाले, "बरोबर बोलली." बाकीच्यांनीही मान हलवली. खुशालला नाही म्हणता आलं नाही.

रुखमिणी कागद घ्यायला मागे आली तेव्हा बैठकीसाठी नागपूरहून आलेल्या टीनाने तिचा हात धरला. "आई, दोन्हीवर 'देऊ नये' लिव. त्यायनं केलं ना तसंच."

"नाही."

"काहून नाही? 'द्यावं' निघालं त? प्लेटा जातीन, बॅटरी जाईन. त्यायच्या दोन लाईटावर राहाशीन तू?"

"दोन्ही सारख्या लिवल्या त छप्पर वाचन," रुखमिणी म्हणाली. "मले छप्पर नाही पायजे आज. मले तो पायजे."

तिने एकीवर 'द्यावं' लिहिलं, दुसरीवर 'देऊ नये'. सहा प्लेटा, भरलेली बॅटरी आणि आयुष्यात पहिल्यांदा मिळालेला वरचष्मा, सगळं तिने त्या दोन कागदांवर लावलं होतं. निम्मी आशा, निम्मी भीती. भीतीच जास्त म्हणा.

ओसरीवर येऊन तिने सगळ्यांसमोर घडी घातलेल्या चिठ्ठ्या पितळेच्या गडव्यात टाकल्या आणि गडवा खुशालपुढे धरला. खुशाल गडव्याकडे पाहत नव्हता, तिच्या तोंडाकडे पाहत होता. किती वर्षांनी पाहत होता! तिने डोळे हलवले नाहीत. जरा हसली मात्र. ते हसणं तिने मुद्दाम हसलं होतं.

खुशालने एक चिठ्ठी काढली. उघडली. वाचली, आणि त्याचा चेहरा लाल झाला.

"देऊ नये," गोमाजीबाबांनी त्याच्या हातातून घेऊन वाचलं.

"लबाडी आहे!" खुशाल ओरडला. "दोन्हीवर हेच लिवलं आहे हिनं! मले माहीत आहे हे कसं करतेत! काढा दुसरी! दुसरी खोला!"

रुखमिणीने गडवा गोमाजीबाबांसमोर धरला. म्हाताऱ्याने दुसरी चिठ्ठी काढली, चष्मा पुसला आणि मोठ्याने वाचली. "द्यावं." मग ती सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

दुकानातल्या फ्रीजरचा घरघराट तेवढा ऐकू येत होता.

"खुशाल," गोमाजीबाबा म्हणाले, "दोन्ही चिठ्ठ्या सारख्या लिवता येतेत, हे मह्या डोक्यात ऐंशी वर्षांत नाही आलं. तुह्या कसं आलं?"

वीरेंद्र दुकानाच्या दारात उभा होता. त्याने बापाकडे पाहिलं, मग चुलतीकडे, आणि मान खाली घातली. गोदावरीबाई आतून आली होती. ती नवऱ्याच्या अगदी समोर जाऊन म्हणाली, "त्या दिवशी चूल मीनं पेटवली होती. तुमी चिठ्ठी टाकली तवा मीनं विचारलं होतं, काय टाकलं म्हणून. तुमी म्हणाले, कचरा." एवढं बोलून ती आत गेली.

रुखमिणीला आनंद झाला. फार झाला. असा आनंद बरा नव्हे, असं कोणी तिला सांगितलं असतं तर तिने त्यालाही बोळातून हाकललं असतं.

गोमाजीबाबा वाटणी पुन्हा करायची म्हणाले. रुखमिणी नको म्हणाली. मागचा हिस्साच तिला पाहिजे होता. "भाऊजीनं एक बोल बोलाचा," ती म्हणाली. "दोन्ही चिठ्ठ्यांवर काय लिवलं होतं, ते मह्या दारात येऊन सांगाचं. मंग वीरेंद्रच्या फ्रीजरले माझ्या बॅटरीतून वायर देतो. त्या पोरावर महा काही राग नाही." खुशाल उठून आत निघून गेला.

जेठ महिन्यात अंधड आलं. साकोलीकडचे खांब पडले आणि लाईन दोन दिवस आली नाही. दुसऱ्या दिवशी सांजेला बोळात पावलं वाजली. रुखमिणी ताट वाढून घेत होती. दारात खुशाल उभा होता. पायाला शेण लागलेलं, सदरा घामाने भिजलेला. सतरा वर्षांत तो इथे आला नव्हता, दुधरामची तिरडी उचलली त्या दिवशीही नाही.

"लाईन गेली आहे," खुशाल म्हणाला.

"मले माहीत आहे."

"पोराचं सारं दूध नासून राहिलं."

"तेही माहीत आहे भाऊजी. दुसरं काही सांगाचं आहे का?"

खुशालने चौकटीला हात टेकला. त्याचे ओठ हलले. रुखमिणी हातात ताट घेऊन थांबली, चांगली थांबली. बॅटरीवरचा आकडा चौऱ्याऐंशी होता, दोघांनाही दिसत होता. मग खुशालने हात काढला आणि आला तसा बोळातून निघून गेला.

रुखमिणीने दार लावलं, पंख्याखाली बसली आणि जेवली.