पदराखालचे हात

गेल्या रविवारी सकाळी लवळ्यातल्या आमच्या घरमालकीणबाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले आणि नवऱ्याला सांगितलं, “आवो, म्हैस बांदा.”

एरवी त्या हातांनी बोलतात. मेंदूत रक्तस्राव झाल्यापासून त्यांच्या नवऱ्याला वस्तूंची नावं कळतात, पण त्यांचं काय करायचं ते सांगणारा शब्द पोहोचत नाही. ‘म्हैस’ म्हटलं की ते दावं हातात घेऊन बायकोकडे बघत राहतात. मग बाई हवेतच गाठ मारून दाखवतात. वरच्या खोल्यांतली भाडेकरू मुलं म्हणतात, “काकू, चांदणी चौकात उभ्या राहा, ट्रॅफिक सुटेल.” त्या म्हणतात, “आदी तुमच्या गाड्या नीट लावा.”

बाईंच्या मुलाला म्हैस विकायची होती. “त्यांला बांद काय न् सोड काय, येकच. रिक्षाखाली आली म्हंजी?” वडिलांना मात्र दिवसभरात दुसरं काम उरलेलं नाही. हात न दाखवता त्यांना कळलं तरच म्हैस ठेवायची, असं ठरलं.

त्यांनी आधी पदराकडे पाहिलं. बऱ्याच वेळाने दावं खुंट्याला बांधलं.

“सवयीनं बांदलं,” मुलगा म्हणाला.

बाई नवऱ्याला म्हणाल्या, “आता सोडा.”

मुलगा पुढे झाला. बाईंनी त्याला नजरेनेच थांबवलं. नवरा वाकला, गाठ सुटली आणि म्हैस फाटकातून वसतिगृहाच्या रस्त्याला लागली.

“आये, म्हस गेली!”

“जाऊ दे,” बाई म्हणाल्या. “कळलं त्यांला.”

मुलगा म्हशीमागे धावला.