मास्तरांची कॉलर

शिवायला टाकलेला शर्ट आणायला गेलो, तर खुद्द मास्तरांचीच कॉलर वाकडी. गावाला नीटनेटकं दिसायला लावणारा माणूस स्वतः असा! राहवलं नाही, विचारलंच.

"शिकायला येणाऱ्यांचे पहिले शर्ट मीच घालतो," ते म्हणाले. "कापडही माझंच. गिऱ्हाइकाच्या कापडावर हात कसा बसवायचा?"

मशीनवर शिकत बसलेल्या सुमनताई ओशाळून हसल्या.

माझ्या शर्टाची कॉलर मात्र अगदी सरळ होती. त्या सरळपणासाठी आधी कुणाचं किती कापड वाया गेलं असेल, हे शिलाई देताना आजवर मनातही आलं नव्हतं.

"मग तुम्ही चांगला शर्ट कधी घालणार?"

"ह्यांना जमायला लागला, की ह्या स्वतःचं दुकान टाकतील," मास्तर कॉलर चाचपत म्हणाले. "मग नवीन कुणीतरी येईल."