सेलियाच्या पहिल्या अल्बममागच्या वसुधाताई

वसुधाताई साने यांची आणि माझी ओळख माझ्या फजितीतून झाली. नागपूरहून वर्क व्हिसावर इंग्लंडमध्ये मेडनहेडला येऊन मला वर्ष होत आले होते. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत दोन भावगीते गायल्यावर लोकांनी जे कौतुक केले ते मी फारच मनावर घेतले आणि स्वतःची सीडी काढायची म्हणून लंडनच्या हाउन्सलो भागात ताईंच्या घरी जाऊन धडकले. रेडिओतली साउंड इंजिनिअरची नोकरी सोडून ताई तेव्हा घराच्या मागच्या खोलीत स्वतःचा स्टुडिओ चालवत होत्या. त्यांनी माझे गाणे रेकॉर्ड केले, चहा दिला आणि शांतपणे म्हणाल्या, "गळा ठीक आहे गं तुझा. पण तबला जरासा उतरलाय, हे माझ्याआधी तुझ्या लक्षात आलं. कान छान आहे. रेकॉर्डिंग शिकतेस का?"

सीडी राहिली ती राहिलीच. शनिवारी मात्र मी हाउन्सलोला जाऊ लागले.

विमानतळ जवळच असल्याने त्या घरावरून विमाने जातात. अशा जागी स्टुडिओ काढणारी बाई एक तर हट्टी असली पाहिजे किंवा तिच्याकडे धीर फार असला पाहिजे. ताईंपाशी दोन्ही होते. वारा पूर्वेचा झाला की विमाने दुसऱ्या बाजूने उतरत आणि गल्ली जरा शांत होई. मग सकाळीच ताईंचा फोन येई, "वारा फिरलाय. लवकर ये."

अशाच एका शनिवारी सेलिया आली. ती ब्राझीलची. विमानतळाजवळच्या एका हॉटेलच्या किचनमध्ये काम करायची आणि स्वतः गाणी रचायची. तिच्या मुलखातले दहा तारांचे गिटार, सोबत रॉकचे ड्रम्स, आणि शब्द सगळे पोर्तुगीज. दोन स्टुडिओंनी तिला आधी इंग्लिशमध्ये गाऊन दाखव म्हणून परत पाठवले होते. ताई तिला म्हणाल्या, "मला तुझी भाषा येत नाही. तू प्रत्येक गाण्याचा अर्थ मला सांग, मग माइक कुठे ठेवायचा ते मी ठरवते."

हे नुसते बोलणे नव्हते. धरणात बुडालेल्या गावाचे एक गाणे होते. त्यात एक बाई पलीकडच्या काठावरच्या बहिणीला हाक मारते. ते ऐकून ताईंनी माइक जिन्याच्या वरच्या पायरीवर नेऊन ठेवला आणि सेलियाला खाली पुढच्या दाराशी उभे केले. "आता हाक मार," एवढेच म्हणाल्या. ती हाक अल्बममध्ये जशीच्या तशी आहे. पोर्तुगीजचा एक शब्द न कळणारी आमच्या मंडळातली माणसेही ती ऐकताना बोलायची थांबतात.

सगळी गाणी रेकॉर्ड झाली. मिक्सिंग सुरू झाले तेव्हा मी एकदा म्हटले, "ताई, उजवीकडे झांज फार टोचतेय." त्यांनी तो भाग पुन्हा लावला, पुन्हा ऐकला आणि मशीन बंद केले. पुढच्या शनिवारी त्यांनी मला समोर बसवून सांगितले, "डॉक्टरांकडे जाऊन आले. उजव्या कानाला वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येत नाहीत. ते परत यायचे नाहीत म्हणे."

ज्या कानांवर त्यांची सगळी हयात उभी होती, त्यातला एक गेला होता. मला रडू आले. मी म्हटले, "मी आहे ना, ताई. उजवी बाजू मी सांभाळते. सेलियाला कळणारसुद्धा नाही."

"तिचा पहिला अल्बम आहे," ताई म्हणाल्या. "तिला कळायलाच हवं."

त्यांनी त्याच दिवशी तिला बोलावून सगळे सांगितले. दुसऱ्या एका चांगल्या इंजिनिअरचे नावही सुचवले आणि सगळे रेकॉर्डिंग त्याच्याकडे न्यायची मोकळीक दिली. सेलिया त्याचा नंबर घेऊन निघून गेली. तो आठवडा ताईंनी कसा काढला ते मी पाहिले आहे. स्टुडिओचे दारही त्यांनी उघडले नाही.

सेलिया परत आली ती गिटार घेऊनच. म्हणाली, "त्या माणसाला भेटले. खूप हुशार आहे. पण माझ्या गाण्यांचा अर्थ या शहरात फक्त तुम्हाला माहितीये. मी तुमच्याकडेच करणार."

मग ताईंनी नवी रीत बसवली. प्रत्येक गाणे एकदा सरळ ऐकायचे आणि एकदा डावे-उजवे उलटे करून, म्हणजे दोन्ही बाजू त्यांच्या डाव्या कानाखालून जात. अगदी वरचे बारीक आवाज आम्हा दोघींना विचारायचे. एकदा मी "बरोबर आहे" म्हटल्यावर त्यांनी मान वळवून विचारले, "मला बरं वाटावं म्हणून बोलतेयस का?"

"नाही, ताई."

"मग राहू दे."

अल्बमचे प्रकाशन कॅमडेनमधल्या एका छोट्या हॉलमध्ये झाले. पुढे ब्राझीलची मंडळी नाचत होती आणि मागे आमचे मंडळ टाळ्यांचा ठेका धरून होते. सेलियाने ताईंना स्टेजवर नेले आणि म्हणाली, "माझा आवाज तुम्ही जसा ऐकताय, तसा तो आधी यांनी ऐकला." ताई संकोचून खाली बघत राहिल्या. मला मात्र इतका अभिमान वाटला की शेजारच्या अनोळखी माणसाला मी, "त्या माझ्या गुरू आहेत," असे चक्क मराठीत सांगितले. पुढे रेडिओवर त्या अल्बमचे कौतुक झाले, त्यातही आवाजाच्या जिवंतपणाचे जास्त. आणि कव्हरवर ताईंनी स्वतःच्या नावाशेजारी, तितक्याच मोठ्या अक्षरांत, माझे नाव छापायला लावले होते.

आज ताईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या मागच्या खोलीत आता इथेच जन्मलेल्या आमच्या मंडळातल्या मुली शिकायला येतात. "ताई, माझा गाणं कसा झाला?" असे विचारतात, आणि ताई आधी गाणे दुरुस्त करतात, मग व्याकरण. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, हाउन्सलोवर वारा वरचेवर पूर्वेचा वाहो, आणि त्यांचा डावा कान शंभरीपर्यंत असाच तिखट राहो.