दादाची हळद आणि अकोल्याची किमो

आमच्या घरात हळद कधी देवाला वाहिली गेली नाही, कारण वाहायला देवच ठेवले नव्हते. आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच ते देव्हाऱ्यासकट नदीत सोडले. हळद म्हणजे रिसोडच्या बाजारात न्यायचं पीक आणि वरणात टाकायची चिमूट. म्हणून थोरल्या भावाची, दादाची, तिच्यावर एवढी श्रद्धा बसलेली पाहून मला आधी हसूच आलं होतं.

दादाच्या मोठ्या आतड्यात कॅन्सर निघाला होता. बरेच महिने मूळव्याध समजून झाडपाल्याचं औषध झालं, मग अकोल्याला ऑपरेशन करून गाठ काढली. डॉक्टर म्हणाले, गाठ गेली, पण तिचं बी कुठे सांडलं असेल तर आज दिसणार नाही. ते लिव्हरमध्ये रुजू नये म्हणून किमो. तेव्हापासून घरात एकच प्रश्न होता, लिव्हरला पोचतो की नाही. बाकी जगात काय चाललंय याच्याशी आम्हाला देणंघेणं उरलं नाही.

किमोने दादाची चव गेली, तळपाय सोलले, गार पाण्याचा घोट घशात टोचायला लागला. अशातच त्याच्या फोनवर कोणीतरी एक बातमी पाठवली. हळदीतला एक घटक आणि किमोचं औषध एकत्र दिलं की आतड्याच्या कॅन्सरचं पसरणं मंदावतं म्हणे. मी आमच्याकडच्या मालेगावला शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून दादाने ती मला वाचायला लावली. मी शेवटपर्यंत वाचली. प्रयोग काचेच्या बशीतल्या पेशींवर झाला होता, थोडासा उंदरांवर. माणसांवर काहीच झालं नव्हतं.

"पण मंदावते म्हणतात ना?" दादा म्हणाला.

"बशीत मंदावते, दादा."

"एक बैल वखर ओढून ओढून थकून राह्यला. त्याच्या जोडीले दुसरा जुंपला तर बिघडते काय? अन् दुसरा आपल्या घरचाच हाय."

मी चिडले. उत्तर डॉक्टरांनी दिलं. भाजीत पडते तेवढी हळद चालेल. पावडरी, कॅप्सूल, काढे अजिबात नाही. पोटात घेतलेली रक्तात किती उतरते, औषधाच्या आड येते का, लिव्हरला जड जाते का, हे माणसाच्या बाबतीत अजून नक्की कळलेलं नाही, आणि किमो चालू असताना मला तो धोका नको, असं ते म्हणाले. दादाने समोर मान हलवली आणि बाहेर आल्यावर वहिनीला म्हणाला, "डॉक्टरले शेतीतलं काय कळते?" पण ऐकलं त्याने. दर खेपेला तोच प्रश्न विचारायचा, तेच 'नाही' ऐकून तोंड पाडून परत यायचा. घरी मी पहाऱ्यावर होतेच. माझा स्वभाव तसा खाष्ट आहे, तो पहिल्यांदाच कामी येतोय असं मला वाटत होतं.

मग हळदीचा हंगाम आला. शिजवायची, वाळवायची, मग ड्रममध्ये घालून पॉलिश करायची. त्या दिवसांत आमच्याकडे सगळंच पिवळं होतं, बनियन, भुवया, दाराशी झोपलेलं कुत्रंसुद्धा. दादाला काम झेपत नव्हतं, तरी ड्रमजवळ खुर्ची टाकून बसायचा. एका रविवारी मी तिकडे गेले तर हा गळ्यापासून पोटापर्यंत पिवळाधमक.

"नवरदेव दिसून राह्यला तू," मी म्हटलं.

"मंग तुह्या वहिनीले सांग, दुसरी पाहा लागते आता," तो म्हणाला, आणि वहिनीसकट आम्ही तिघंही हसलो.

त्याचं अंग खाजत होतं. वहिनी म्हणाली, हळदीची धूळ आहे. पोती भरून बाजारात गेली, ड्रम बंद झाला, आम्ही सगळे धुऊन निघालो. दादा निघाला नाही. वहिनीने साबण लावून त्याची पाठ घासघासून सोलायची बाकी ठेवली. "जलमभराची हयद हाय ताई, भिनली अंगात," ती म्हणाली, आणि ते मला पटलं. दुसऱ्या एखाद्या गावात लहान पोरानेही कावीळ म्हटलं असतं. आमच्याकडे पिवळं म्हणजे हळद, त्यापुढे डोकं जातच नाही.

पुढच्या खेपेला अकोल्याला डॉक्टरांनी दादाला खिडकीपाशी उभं केलं आणि अंगठ्याने खालची पापणी ओढली. डोळ्यातलं पांढरं पिवळं झालं होतं. तपासण्या झाल्यावर त्यांनी मला एकटीला बाहेर बोलावलं. लिव्हरभर पसरला होता. किमो आता झेपणार नव्हती.

"कमी ताकदीची तरी?" मी विचारलं.

"आता त्यांना त्रास कमी कसा होईल, तेवढंच बघू या," ते म्हणाले.

मला रडू आलं नाही, राग आला. पण तो काढायला कोणी नव्हतं. हळदीवर काढावा तर तिने काहीच केलं नव्हतं, चांगलंही नाही आणि वाईटही नाही.

आम्ही आत गेलो. किमो बंद करतोय, एवढंच डॉक्टरांनी दादाला सांगितलं. दादा आज तरी तो प्रश्न विचारणार नाही असं मला उगाच वाटलं.

"साहेब, आता हयद घेऊ काय?"

डॉक्टरांनी समोरचे कागद सारखे केले. "घ्या," ते म्हणाले. "दुधातून घ्या. जे खावंसं वाटेल ते खा."

परतीच्या जीपमध्ये दादा पातूरपासून मालेगावपर्यंत बोलत होता. ड्रायव्हरलाही त्याने सगळी हकिगत सांगितली. "इतके दिवस अडवून ठेवलं होतं. शेवटी मानलंच ना डॉक्टरनं? किमो बंद, आता आपलं सुरू." वहिनी खूप दिवसांनी हसली. मी काचेतून बाहेर बघत बसले. सांगायचं कसं, आणि सांगून कोणाचं भलं होणार, हे मला कळत नव्हतं.

घरी पोचल्यावर वहिनीने लुगडंही न बदलता दूध तापवलं. प्रमाण चुकू नये म्हणून चमचा घेऊन माझ्याकडे आली, कारण घरात शिकलेली मी.

"ताई, किती टाकू?"

"टाका," मी म्हटलं. "कितीही टाका."